बारावा कागद

केटरिंगच्या कोल्ड सेक्शनला आहे मी, म्हणजे गॅसपासून लांब, चाकू, बोर्ड आणि फ्रीज एवढाच संसार. लोकांना वाटतं ह्यात काय, काप काढायचे नि मांडायचे. त्या दिवशी ४० पाहुणे, स्टार्टर म्हणून माणशी ५० ग्रॅम धरलं तरी २ किलो क्युअर्ड मीट (मीठ लावून मुरवलेलं, सुकवलेलं मांस, पातळ काप करून लाकडी बोर्डांवर मांडायचं), हेड शेफ सुट्टीवर आणि मदतीला नवीन पोरगा, त्याचा तिसराच दिवस.

पहिली माती मीच खाल्ली. प्रोश्युटो फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवला आणि सलामीचे (मसालेदार सुक्या सॉसेजच्या गोल कापांचे) गुलाब करत बसलो, करायचं होतं बरोब्बर उलट. प्रोश्युटो म्हणजे डुकराची अख्खी मांडी, मीठ लावून वर्षभर वाऱ्यावर सुकवलेली, तिचे काप इतके पातळ की आरपार दिसावं, आणि जरा ऊब लागली की चरबी सुटून ते एकमेकांना चिकटतात आणि ओढलं की फाटतात, म्हणून तो गारच हाताळायचा. सलामीला उलट पाच मिनिटं बाहेर ठेवावं लागतं, नाहीतर वळवताना तडकते. गुलाब तसा सोपाय, ग्लासच्या काठावर काप अर्धा आत अर्धा बाहेर असे एकावर एक चढवत तीन फेऱ्या मारायच्या, आतून जरा दाबायचं आणि ग्लास बोर्डवर पालथा घालून अलगद उचलायचा.

प्रोश्युटो परत गार करून पोराकडे दिला, म्हटलं सैल घड्या घाल, रिबिनीसारख्या, आणि मी ऑलिव्ह, काकडीचं लोणचं, मोहरी अशा ओल्या वस्तूंच्या वाट्या मांडल्या (ह्या आधी, बाकी सगळं त्यांच्याभोवती, आणि क्रॅकर अगदी शेवटी नाहीतर सादळतात). पोर्क न खाणाऱ्यांसाठी ब्रेसाओलाचा, म्हणजे सुकवलेल्या बीफचा, बोर्ड वेगळा, चिमटा वेगळा. पोराचा हात भलताच फास्ट होता, मी खूश.

मग सहज डस्टबिनकडे लक्ष गेलं. प्रोश्युटोच्या प्रत्येक कापाखाली एक प्लास्टिकचा पारदर्शक कागद असतो, चार पाकिटं, दहा-दहा काप, म्हणजे ४० कागद हवेत. मोजले तर २८.

“अरे, कागद काढलेस ना सगळे?”

“कुठले कागद, दादा? जे आपोआप निघाले ते टाकले की.”

पोटात गोळाच आला. चरबीने ओला झालेला तो कागद दिसतच नाही आणि पाहुण्याच्या घशात अडकला तर, मला विचारसुद्धा करवेना. वीस मिनिटं उरलेली. दोघांनी मिळून सगळ्या ४० घड्या उलगडल्या, एकेक काप उजेडात धरून बोट फिरवलं, परत घातल्या. ११ सापडले. बारावा नाहीच. वाट्या उचलून बघितल्या, गुलाबांच्या खाली बघितलं, पोराने रडवेल्या तोंडाने डस्टबिन परत मोजला. २८च.

वेळ झाली, बोर्ड बाहेर गेले. प्रत्येक काप हाताखालून दोनदा गेला होता म्हणून जाऊ दिले, तरी मी दाराशी उभा राहून पाहुण्यांचे घास मोजत होतो, कोणी नुसतं खोकलं तरी माझा जीव वर. एक बाई फोटो काढत म्हणाल्या किती सहज मांडलंय हो. मी हो म्हटलं.

बोर्ड रिकामे होऊन आत आले, काही नाही. हुश्श करून वळलो तर मागून पोरगा ओरडला, “दादा, हलू नका!” आणि माझ्या एप्रनच्या मागच्या गाठीपाशी चिकटलेला कागद त्याने दोन बोटांनी सोलून काढला.