निळा धागा

आज मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत गेले होते. तळ्यातल्या माशांची आतडी रसायनात विरघळवून उरलेलं सगळं तिने गाळणकागदावर घेतलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक निळा धागा दिसला, केसाहून बारीक, वेटोळं घालून बसलेला. तिने तापलेली सुई जवळ नेली आणि तो वितळून आक्रसला. म्हणजे प्लास्टिकच, सुती असता तर वितळला नसता.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, एवढं वाचलं होतं. पण माझ्या डोक्यात बाटल्या-पिशव्यांचा चुरा. असे धागे मात्र पॉलिस्टरच्या कपड्यांतूनही सुटतात, धुताना. (माझं फ्लीसचं जॅकेट तिने दारातच काढायला लावलं, नमुन्यात माझेच धागे नकोत म्हणून!)

"आतडी काढूनच खातो ना आपण मासा?"

"मोठा. छोटे अख्खे खातात त्यांचं काय?"

जॅकेट आज धुवायला टाकायचं होतं. अजून खुर्चीवरच आहे.