झेडपीच्या गटातून विधानसभेत : अण्णांचा अर्ज भरताना

आमचे अण्णा दोन टर्म जिल्हा परिषदेत होते, त्यातली काही वर्षं बांधकाम सभापती. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि पुढची निवडणूक काही लागेना. गावोगावचे माजी सदस्य नुसतेच लग्न-दहाव्यांना हजेरी लावत फिरत होते. २०२४ ला विधानसभा लागली तेव्हा त्यातल्या निम्म्यांना आमदारकीचे डोहाळे लागले. अण्णांनाही लागले. मी त्यांचा इन्कमटॅक्स बघतो, म्हणून कागदपत्रांचं घोंगडं माझ्या गळ्यात.

झेडपीचे अर्ज मी आधी भरलेले. तिथे शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर माणूस बाद. विधानसभेला यातलं काहीच नाही. गावच्या पंचाला जी अट, ती आमदाराला नाही; हे मला आजही पटलेलं नाही.

अर्ज म्हणजे नमुना २ब, तो सोपा. खरा घाम काढतं ते नमुना २६चं शपथपत्र. स्वतःचं, बायकोचं आणि अवलंबितांचं सगळं त्यात येतं: पाच वर्षांचं उत्पन्न, ठेवी, जमीन, कर्ज, सोनं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. सोन्यापाशी गाडी अडली. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पाटल्या माहेरच्या आहेत, त्या कशाला लिहायच्या?” मी म्हटलं, तुमच्या नावावर आहे ते सगळं लिहावं लागतं. “आणि हे सगळ्यांना दिसणार?” दिसणार, आयोगाच्या संकेतस्थळावर. वहिनींना निवडणूक आयोगाची नव्हे, मोठ्या जावेची धास्ती होती. शेवटी कपाटातून डबा आला, सराफाकडून वजन करून घेतलं आणि तोळ्यांवर आकडा लागला.

मग गुन्हे. अण्णा छातीठोकपणे म्हणाले, “माझ्यावर एकही नाही.” मला खात्री नव्हती. दूधदराच्या आंदोलनात हा माणूस टँकरपुढे आडवा झालेला सगळ्या तालुक्याने पाहिलं होतं. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात चौकशी केली तर बेकायदा जमावाचं कलम १४३, वाट अडवल्याचं ३४१ आणि पोलीस कायद्यातलं जमावबंदी मोडल्याचं १३५, असा खटला अजून प्रलंबित. तो लिहिला. लिहिला की काम संपत नाही. माघारीच्या मुदतीनंतर प्रचार संपेपर्यंत वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहिरात द्यावी लागते. अण्णांना ते आधी खटकलं, मग त्यांनीच प्रचारात वापरलं: “दुधासाठी गुन्हा अंगावर घेतलाय.” राजकारण्याचं डोकं वेगळंच चालतं.

सूचकांवरून, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांवरून, तर चक्क रुसवेफुगवे झाले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. तिकिटाची खात्री नव्हती, म्हणून दोन अर्ज पक्षाकडून आणि दोन अपक्ष, असे चार भरायचे ठरले. चारच्या वर भरताच येत नाहीत. अनामत मात्र एकदाच, दहा हजार. पक्षाच्या अर्जावर सही कोणाची? प्रत्येक गटाला वाटे आपलाच माणूस हवा. दहाही सूचकांचा यादीभाग आणि अनुक्रमांक मी स्वतः मतदार यादीशी ताडून पाहिला. छाननीत सगळ्यात आधी तेच बघतात.

एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारं पक्षाचं पत्र, येता येईना. २९ ऑक्टोबर शेवटचा दिवस, त्यात धनत्रयोदशी. दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा, तोही शाईच्या सहीचा. झेरॉक्स चालत नाही. मुंबईहून गाडी निघाल्याचा फोन सकाळीच आलेला. आत उमेदवारासह पाचच जण सोडतात. बाहेर शंभर मीटरवर हलग्या, गुलाल, घोषणा. आत अण्णा गप्प, माझ्याकडे फाइल आणि भिंतीवर घड्याळ. कागद आला तेव्हा तीन वाजायला वीस मिनिटं कमी होती. अधिकाऱ्यांनी सही उजेडात धरून पाहिली आणि पोच दिली.

छाननी निर्वेध पार पडली. एबी फॉर्म आल्यामुळे अपक्ष अर्जांची गरजच उरली नाही. २३ नोव्हेंबरला अण्णा आमदार झाले. आर. आर. पाटीलही सांगली जिल्हा परिषदेतूनच विधानसभेत गेले होते, हे विजयी सभेत चार वक्त्यांनी चार वेळा सांगितलं.

माझं काम मात्र उरलंच होतं. खर्चाची मर्यादा ४० लाख, हिशेब निकालापासून तीस दिवसांत. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चहापासून मंडपापर्यंत सगळ्याचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं. त्या दरपत्रकातला चहा आमच्या टपरीपेक्षा महाग. अण्णांचा चहावाला ते वाचून म्हणाला, “मग मला याच भावाने द्या की.”