फरशीचा ताप

मुंबईचा माणूस जिला लादी म्हणतो तिला पुण्यात फरशी म्हणतात. माझी पत्नी गिरगावची असल्यामुळे कोथरूडच्या आमच्या जुन्या सदनिकेतील झोपण्याच्या खोलीचे काम काढले, तेव्हा पहिला वाद लादी बदलायची की फरशी, यावरच झाला. बदलायची याविषयी मात्र दुमत नव्हते. संगमरवराच्या बारीक चिपा सिमेंटमध्ये मिसळून केलेली जुनी मोझॅकची फरशी पलंगाच्या पायाशी खचली होती आणि कपाट सरकवताना एकीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. उरलेल्या फरश्यांना घासून पुन्हा पॉलिश करावे, असा माझा विचार होता. परंतु ते मशीन पाण्यावर चालते आणि त्याचा करडा राबडा भिंतीवर हातभर उंच उडतो, हे शेजाऱ्यांकडे पाहिलेले असल्यामुळे तो मी आपणहून मागे घेतला.

दुकानात गेल्यावर कळते की फरशी विकणारा माणूस तिला कायम उभी दाखवतो. लोखंडी चौकटीत, दिव्यांच्या झोतात, चित्रांच्या प्रदर्शनासारख्या फरश्या उभ्या असतात आणि आपण त्या डोळ्यांनी पसंत करतो. वास्तविक झोपण्याच्या खोलीतील फरशीचा डोळ्यांशी संबंध फार थोडा. अर्धी पलंगाखाली जाते, चतुर्थांश कपाटाखाली, आणि उरलेली आपण मुख्यतः अंधारात, पहाटे, अनवाणी वापरतो. हे माझ्या लक्षात आले ते आईमुळे. विक्रेता तिला आरशासारखी चकचकीत फरशी दाखवत असताना तिने काहीही न बोलता, एखाद्या मुलाचा ताप पाहावा तसा, हाताचा पालथा पंजा त्या फरशीला लावला. मग म्हणाली, ‘‘अरे, ही खाली ठेवायला सांग. उभी असताना काय कळणार?’’ विक्रेत्याने नाइलाजाने चार फरश्या जमिनीवर मांडल्या, आईने चपला काढल्या आणि ती त्यांवरून एकेक पाऊल टाकत चालून आली. नंतर तिने पाणी मागितले. विक्रेत्याने तत्परतेने ग्लास पुढे केला, तो तिने फरशीवर ओतला आणि ओल्या फरशीवर अंगठा घासून पाहिला. चकचकीत फरशीचा निकाल तिथेच लागला. रात्री न्हाणीघरातून ओल्या पायांनी परतताना खुब्याचे हाड मोडून घेतलेल्या तिच्या दोन मैत्रिणी आहेत, त्यामुळे या विषयात तिचा शब्द अखेरचा.

माझे मन लाकडी फरशीत गुंतले होते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट 10 अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा पांघरुणातून बाहेर काढलेले पाऊल दगडावर टेकणे ही शिक्षाच वाटते. खोलीतील लाकूड आणि दगड यांचे तापमान वस्तुतः सारखेच असते. दगड पावलातील उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड घेत नाही, एवढाच फरक. परंतु आपल्याकडे लाकडी फरशी म्हणून जे सर्रास विकले जाते, ते लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर चिकटवलेले लाकडाचे छायाचित्र आणि त्यावर एक कठीण पारदर्शक थर, असे असते. सागवानाचा फोटो पायाखाली घालायला माझी हरकत नव्हती. हरकत पाण्याची होती. पाणी सांध्यांतून आत शिरले की या फळ्यांच्या कडा फुगतात, म्हणून ती घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसायची असते. आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या मावशी 20 वर्षे बादलीतून फडके उचलून ते थेंब गाळत थेट कोपऱ्यात फेकत आल्या आहेत. ते पिळून घेण्याची सूचना त्यांना कोणी करायची, यावर घरात स्मशानशांतता पसरली आणि लाकूड बाद झाले.

शिवाय आईची एक बाजू होती, आणि ती मला पटली. तिचे माहेर शनिवार पेठेतील वाड्यात, शहाबादी फरशीचे. पुण्याचा दगड म्हणजे काळा बसाल्ट. भिंतींना उत्तम, पण त्याचे पातळ थर निघत नाहीत, म्हणून फरशीचा दगड कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादहून यायचा. तो थराथरांचा चुनखडक असल्यामुळे सपाट लाद्यांमध्येच सुटतो (लादी हा शब्द इथे मीही वापरला, हे पत्नीने नोंदवून ठेवले आहे). एप्रिलमधल्या दुपारी जेवणे उरकली की बायका त्या फरशीवर नुसती उशी घेऊन आडव्या व्हायच्या, आणि अंगाखालची जागा तापली की हातभर सरकायच्या. आई अजूनही तशीच झोपते. थंडीचे दोन महिने पायमोजे घालता येतात, उन्हाळ्यात मात्र फरशीच गार हवी, हा तिचा हिशेब पुण्याच्या हवेला धरून होता.

अखेर मातकट रंगाच्या, मॅट पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या फरशीवर एकमत झाले. ती जवळजवळ पाणी पीत नाही. तिचे जलशोषण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. आमची खोली 10 बाय 12 फुटांची, म्हणजे 120 चौरस फूट. 2 बाय 2 च्या 30 फरश्या, तुटफुटीसाठी 3 जास्त आणि खोके चारांचे, म्हणून 9 खोकी. सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे मी स्वतः तपासले, कारण एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगाची छटा हमखास बदलते.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवून देतो, असे गवंडी म्हणत होता. त्यात तोडफोड वाचते, पण जमीन अर्धा इंच उचलली जाते. दाराला खालून रंधा मारता आला असता. दिवाणखान्यातून येताना लागणाऱ्या अर्ध्या इंचाचे काय? मोठी पायरी माणसाला दिसते, अर्धा इंच फक्त ठेचेला दिसतो. म्हणून जुनी फरशी फोडली आणि राडारोड्याची पोती दोन दिवस जिन्यातून खाली जात राहिली, तेही दुपारची दोन ते चार ही सोसायटीची शांततेची वेळ पाळून.

नवी फरशी बसल्यावर, दोन फरश्यांमधल्या फटी भरण्यापूर्वी, मी दोन रुपयांचे नाणे घेऊन प्रत्येक फरशी वाजवून पाहिली. खाली माल नीट बसला असेल तर आवाज भरीव येतो. खिडकीजवळची एक पोकळ वाजली. ‘‘साहेब, ती पलंगाखाली जाणार,’’ गवंडी म्हणाला. मी ती काढायला लावली. काढताना ती फुटली, जास्तीच्यांपैकी एक वापरली गेली, आणि उरलेल्या पाच आता माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत.

पलंग आत आणायच्या आदल्या दुपारी खोली पूर्ण रिकामी होती. आई उशी घेऊन आली, मधोमध आडवी झाली आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता, हातभर सरकली.