मोटार कुणी चालू केली?

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेअकराला पुण्यात ऑफिसात बसलो असताना फोनवर पंपाच्या पॅनेलचा निरोप आला : ‘चालू करायला सांगितलं, फेज नाही.’ त्याच वेळी गावाकडं माझा चुलता जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीत, उतरला होता. फुटवालला (पाइपच्या तळाच्या झडपेला) जलपर्णी गुंडाळली होती, ती काढत होता. त्यानं उतरण्याआधी तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले होते, म्हणून मोटार फिरली नाही. मी आबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “दाबलं कुणी?”

आमची नदीवरची सामायिक उपसा योजना आहे. त्रेचाळीस सभासद, पंचवीस अश्वशक्तीची मोटार. पॅनेलमध्ये सिमकार्ड आणि रिले (निरोपावर चालणारा स्विच) बसवून टेलिग्रामवरचा बॉट, म्हणजे निरोपांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, मी दोन वर्षांपूर्वी लिहिला. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन नदीला जायला लागू नये, एवढाच हेतू. पाळी कुणाची ते बॉट सांगतो, ऑपरेटरला ‘चालू’ आणि ‘बंद’ अशी दोन बटणं दाखवतो.

दाबलं होतं जुन्या ऑपरेटरच्या पोरानं. ऑपरेटरनं दिवाळीनंतर काम सोडलं, त्याच दिवशी मी त्याचं नाव यादीतून काढलं. पण ती यादी माझा सर्व्हर (बॉट ज्यावर चालतो तो संगणक) बघत होता फक्त बटणं दाखवताना. त्याच्या फोनमध्ये दिवाळीआधीचा मेसेज तसाच होता, बटणांसकट. टेलिग्रामवर जुन्या मेसेजखालची बटणं आपण काढून टाकेपर्यंत जिवंत राहतात. पोरानं खेळता खेळता दाबलं, सर्व्हरला ‘चालू’ हा शब्द मिळाला, आणि सर्व्हरनं कोण म्हणतंय हे न विचारता तो पुढं पॅनेलला धाडला.

चूक पूर्ण माझी होती. बटण न दाखवणं म्हणजे अधिकार काढून घेणं, असं मी धरून चाललो होतो. अधिकार तपासायचा तो रिलेला निरोप धाडण्याच्या आधीच्या ओळीत, प्रत्येक वेळी, त्या क्षणीच्या यादीवरून.

त्या रात्री सगळा कोड पुन्हा वाचायला घेतला तेव्हा आणखी भोकं दिसली.

सभासद मी युजरनेमवरून ओळखत होतो. युजरनेम बदलता येतं, सोडलेलं नाव दुसरा कुणी घेऊ शकतो, आणि आमच्या निम्म्या सभासदांना ते नव्हतंच. खात्याचा आकडी आयडी मात्र बदलत नाही, आता तोच धरतो. नोंदणीसाठी सभासद ‘माझा नंबर पाठवा’ हे बटण दाबतो. इथंही एक गोम आहे : फोनबुकातला दुसऱ्याचा नंबरही कॉन्टॅक्ट म्हणून पाठवता येतो. म्हणून कॉन्टॅक्टमधला आयडी आणि पाठवणाऱ्याचा आयडी एकच आहे का, हे सर्व्हर बघतो. जुळला नाही तर नोंद होत नाही.

दुसरं भोक वेबहुकचं, म्हणजे टेलिग्राम माझ्या सर्व्हरच्या ज्या पत्त्यावर निरोप धाडतं त्याचं. माझ्या सर्व्हरचा पत्ता ज्याला कळेल तो टेलिग्रामच्या नावानं बनावट निरोप पाठवू शकत होता, आत ऑपरेटरचा आयडी घालून. यावरचा उपाय २०२२ पासून टेलिग्राममध्येच आहे. वेबहुक लावताना एक गुप्त शब्द द्यायचा, मग प्रत्येक खऱ्या निरोपाच्या हेडरमध्ये (वरच्या माहितीत) तो येतो. मी तो लावलाच नव्हता. बॉटचं टोकनही (बॉट चालवायची गुप्त किल्ली) कोडच्या फाइलमध्ये होतं आणि गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या साठ्यात, गेलेलं. फाइलमधून पुसलं तरी गिटच्या इतिहासात राहतं, त्यामुळं बॉटफादर या टेलिग्रामच्या स्वतःच्या बॉटकडून ते रद्द करून नवं घेतलं.

सगळ्यात जास्त धसका मी घेतला तो वेळेचा. आपला सर्व्हर बंद असला तर टेलिग्राम निरोप चोवीस तासांपर्यंत राखून ठेवतं आणि सर्व्हर उठला की देतं. रात्री दोनला दाबलेलं ‘चालू’ सकाळी दहाला पोहोचू शकतं, आणि बटण कधी दाबलं याची वेळ त्या निरोपात नसते. म्हणून आता ‘चालू’ दाबलं की सर्व्हर ‘नक्की?’ असं दुसरं बटण पाठवतो. त्यात एकदाच चालणारा कोड असतो, तो साठ सेकंदांत मरतो. त्यानंतर कितीही दाबा, मोटार हलत नाही.

‘बंद’चं काय करायचं यावर आबांशी बराच वेळ बोललो. ते म्हणाले, “पाणी तुटलं तर भांडण होईल, माणूस तर जाणार नाही.” म्हणून बंद करायचा अधिकार त्रेचाळीसही जणांना दिला. ‘चालू’चा फक्त दोघांना. यादी बदलायचा अध्यक्ष आणि सचिवांना, आणि कुणी कधी काय दाबलं याची नोंद सगळ्यांना दिसते. चुलता अजूनही फ्यूज खिशात घालूनच उतरतो, आणि त्याला मी तसंच करायला सांगितलं आहे.

त्या नोंदींनी एक गोष्ट दाखवली. नव्या ऑपरेटरच्या आयडीवरून मोटार रोज पहाटे चालू व्हायची, त्या दिवसांतही, जेव्हा तो साखर कारखान्यावर रात्रपाळीला होता. आबा त्याच्या घरी गेले. फोन घरीच ठेवून तो पाळीला जायचा, आणि मोटार त्याची बायको सांभाळायची. पाळीची वही तिला पाठ होती. कुणाच्या वावरात पाट फुटतो तेही तिला ठाऊक होतं.

आयडी खात्याची ओळख देतो, फोन कुणाच्या हातात आहे ते सांगत नाही. तिच्यासाठी वेगळं सिम घेतलं, तिच्याच फोनवरून नोंदणी केली आणि यादीत तिचं नाव घातलं, ‘चालू’च्या अधिकारासह. सभेच्या वहीत ऑपरेटर म्हणून अजून नवऱ्याचंच नाव आहे. ते बदलायचा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. सर्व्हरच्या नोंदीत मात्र आज पहाटे ५.४० ला मोटार तिच्या नावानं चालू झाली.