बरी दिसतेस की, मग गोळ्या कशाला?

लग्नकार्यात मावशी भेटली की हळूच विचारते, "आता बरी दिसतेस की! मग गोळ्या अजून चालूच?" हाच प्रश्न ऑफिसातही येतो. म्हणून एकदाच सांगून टाकते. चालूच आहेत, आणि बरी आहे ती त्या चालू आहेत म्हणून.

माझा आजार बायपोलर, म्हणजे मन कधी नैराश्यात बुडतं, तर कधी उन्मादात, अतिउत्साहात उधाणतं. आधी निदान झालं होतं नैराश्याचं. त्या डॉक्टरांना दोष देववत नाही. रडू आवरत नव्हतं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. तीन तास झोपून टवटवीत असायचे तेव्हा कशाला जाईन? ते दिवस मी सांगितलेच नाहीत. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात मी पहाटे दोनला स्वयंपाकघरातले सगळे डबे उपसून पुन्हा भरत होते. वर एका दुपारी तीन पैठण्या, हप्त्यावर! बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी असा पलटा देऊ शकते.

दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा आईलाच जास्त विचारलं. झोप किती? बोलण्याचा वेग? असं सलग किती दिवस? या आजाराची रक्ततपासणी नाही. थायरॉइड बघितलं, ते दुखणं तिथलं नाही ना एवढ्यासाठी.

मग लिथियम. हा एक साधा क्षार. उन्मादावर तो चालतो हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली मांडलं. गुणी औषध, पण खोडीचं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० हवी; दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. शरीरातलं पाणी कमी झालं की ती चढते, काही वेदनाशामक गोळ्यांनीही चढते. मला हे सांगितलेलं होतं. तरी एका हरतालिकेला निर्जळी उपवास धरला, त्यात गुडघ्यासाठी आठवडाभर आयबुप्रोफेन चालू. दोन दिवसांनी कप हातात ठरेना, निम्मा चहा बशीत. पातळी निघाली १.६. लिथियम थांबवलं, सलाइन लागलं.

"सवय लागते ना पण?" लिथियमची तलफ कुणाला येत नाही हो, उलट घ्यायचंच विसरतं. मात्र मनाने अचानक बंद केलं की आजार उलटतो. तोही प्रयोग माझा करून झालाय.

आता रात्री नऊला गोळी, आणि तपासणी असली की बरोबर बारा तासांनी रक्त. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून बघतात. हरतालिकेला मी तांब्याभर पाणी घेऊन बसते. मावशीला गोळ्यांपेक्षा तेच जास्त खटकतं.