छत्री वाकली तेव्हा

जेवताना तुमच्याकडे टीव्ही बंद का असतो असं पाहुणे नेहमी विचारतात, त्याचं कारण निसर्ग वादळ आहे, म्हणून आज सगळं लिहूनच टाकते.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. २०२० चा लॉकडाऊन, आमची चिऊ तेव्हा चार वर्षांची आणि टीव्ही सकाळपासून चालू. २८ मार्चला दूरदर्शनवर रामायण परत सुरू झालं तेव्हा सासूबाई एकदम खूश, १९८७ साली वाडीत एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी सगळी वाडी त्या घराच्या ओटीवर जमायची हे त्या रोज सांगायच्या. पण रामायण संपलं की कार्टून, मग बातम्या, संध्याकाळी सिरीयली. चिऊला जेवायला कार्टूनसमोरच बसवायचं, ती नजर न हलवता आ करायची, मी घास घालायचे, दहा मिनिटांत ताट साफ. मला वाटायचं किती शहाण्यासारखी जेवते पोर.

३ जूनला वादळ आलं आणि एका दुपारी आगर झोपलं. पोफळी मधूनच मोडल्या, कौलं उडाली, टीव्हीची छत्री पार वाकली आणि लाईट जी गेली ती आमच्या वाडीत तीन आठवड्यांनी आली.

दुसऱ्या रात्री मेणबत्ती लावून चिऊला भात आणि फणसाची भाजी भरवत होते, तर तिने पहिलाच घास तोंडातून बाहेर काढला, उजेडाशी धरला, वास घेतला आणि विचारलं, "आई, हे काय आहे?" अगं फणस! महिनाभर एक दिवसाआड तीच भाजी खात होती. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरंच, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय आणि मी ते वाचलेलंही होतं, तरी पोर नुसती गिळतेय हे मला दिसलं नाही याचं फार वाईट वाटलं.

मग रोज रात्री सगळे चुलीपुढे. सासूबाई निखाऱ्यात आठळ्या भाजायच्या, चिऊ फुंकर मारून सालं काढायची, बोटं काळी. एरवी बातम्यांपुढे गप्प बसणारा माझा नवरा लहानपणी वडिलांबरोबर होडीतून जाताना किती घाबरायचा ते सांगायला लागला. लग्नाला सात वर्षं झाली होती, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

लाईट आली, छत्रीही दुरुस्त झाली. सासूबाईंना सिरीयल बंद करा असं मी कधीच म्हणणार नव्हते, मी आणि नवरा दिवसभर कामात, दुपारभर त्यांना सोबत टीव्हीचीच. पण पहिल्याच संध्याकाळी ताटं घेतली तेव्हा त्यांनी स्वतःच रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "माझी उद्या दुपारी परत लागते गो, तेव्हा बघेन. चिऊ, ये बाय, पाट घे."