फोटोत काहीच नाही, तरी जोर निघेना

पोरगा कोल्हापूरच्या तालमीतला, वय 22. सोबत वस्ताद आलेले, आणि बोलत सगळं तेच होते. "डॉक्टर, फोटोत काय न्हाई. एमआरआयबी केला, हाडवैद्याकडनं ओढूनबी आणलं. तरी जोर निघंना झालाय."

पाच आठवड्यांपूर्वी मॅटवर समोरच्याने ढाक मारली. पडताना याने उजवा हात टेकला आणि सगळा भार उघड्या तळहातावर आला. सूज आठवडाभरात उतरली, दुखणं तेवढं राहिलं. बैठका बिनतक्रार चालायच्या, पण जोर काढायला हात टेकला की मनगटात कळ.

एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगितलं की बहुतेक पेशंट अख्खं मनगट चोळून दाखवतात. याने बोट नेमकं मनगटाच्या मागच्या बाजूला, मधोमध पण जरासं अंगठ्याकडे ठेवलं. एमआरआयचा रिपोर्ट मात्र करंगळीकडच्या टीएफसीसी नावाच्या गादीला अर्धवट फाट असल्याचं सांगत होता. पेशंट आणि रिपोर्ट वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवत असतील तर मी आधी पेशंटचं ऐकतो.

स्कॅफॉइड हे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड तळहाताच्या बाजूने अंगठ्याने दाबून धरलं आणि मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे वळवलं. तो कळवळला, आणि दाब सोडताच हाड खट्कन जागेवर आलं. काहींची मनगटं मुळातच सैल असतात, म्हणून डाव्या हातावरही तीच तपासणी केली. तिथे काही नाही. मग दोन्ही मुठी घट्ट आवळून नवे एक्स-रे काढले. आधीचे सगळे फोटो हात सैल ठेवून काढलेले होते. मूठ आवळली की मनगटाच्या मधलं कॅपिटेट हाड कोपराच्या दिशेने रेटलं जातं आणि स्कॅफॉइड व त्याच्या शेजारचं ल्युनेट हाड यांच्यातला बंध, म्हणजे लिगामेंट, तुटलेला असेल तर त्यांच्यात फट पडते. डावीकडे अंतर 2 मिलिमीटर होतं, उजवीकडे 4.

मनगट वाकवणारा एकही स्नायूबंध या दोन हाडांना लागत नाही. ती चालतात शेजाऱ्यांच्या रेट्याने आणि एकत्र राहतात लिगामेंटच्या जोरावर. स्कॅफॉइडची ओढ पुढे वाकण्याकडे, ल्युनेटची मागे कलण्याकडे. मधला बंध सुटला की दोघं आपापल्या वाटेने जातात. तसंच सोडलं तर काही वर्षांत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून सांधा खराब होतो, आणि ही झीज ठरावीक क्रमाने पुढे सरकते, हे वॉटसन आणि बॅलेट या डॉक्टरांनी 1984 मध्येच मांडून ठेवलंय. वस्तादांना मी एवढंच म्हटलं, "आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय खरं कळणार नाही. आणि आत गेलोच तर दुरुस्ती तिथंच करू."

हात बधिर केला होता, पैलवान जागा. बोटं जाळीदार पकडींत अडकवून हात उभा टांगला आणि साधारण पाच किलोचा ताण दिला, म्हणजे सांध्यात दुर्बिणीपुरती जागा होते. मनगटाच्या मागच्या बाजूला दोन बारीक छेद. आधी टीएफसीसी बघितली. सळईने दाबली तर ताठ, उसळी मारून परत येणारी. कडेला किरकोळ कुसकर होती, पण तिच्यामुळे जोर अडण्यासारखं काही नव्हतं.

मग दुर्बीण मनगटातल्या हाडांच्या दोन रांगांमधल्या सांध्यात घातली. इथून दोन हाडांची कड एकसंध दिसायला हवी. तिथे दरी होती. सळईचं टोक त्या दरीत टेकवून फिरवलं, ते आरपार गेलं.

"ती फट कसली?" पैलवानाने पडद्याकडे बघत विचारलं.

"तुझं दुखणं."

हा बंध किती फाटलाय हे मोजणाऱ्या गाइसलर यांच्या प्रतवारीत हा तिसरा दर्जा. चौथ्यात खुद्द 2.7 मिलिमीटरची दुर्बीण फटीतून पार जाते. कूर्चा चकचकीत होती, आणि लिगामेंटचा मागचा भाग स्कॅफॉइडपासून सुटला असला तरी त्याची शेंडी शाबूत होती. याच गोष्टीने मला हायसं वाटलं. आणखी वर्षभराने आला असता तर ही शेंडी बहुधा आक्रसून गेली असती.

फ्रान्सचे सर्जन क्रिस्तोफ मातुलाँ यांनी रूढ केलेल्या पद्धतीने, सुईतून धागे ओवून लिगामेंटची ती शेंडी मागच्या कॅप्सूलला, म्हणजे सांध्याभोवतीच्या आवरणाला, बांधली. आधी हाडं जागेवर आणून तारांनी धरून ठेवली होती. गाठ आवळताना पडद्यावर दरी मिटत गेली. पैलवान काही बोलला नाही. ओटीतल्या सिस्टर मात्र "बसली!" म्हणाल्या.

तारा आठ आठवड्यांनी काढल्या. पुढचा व्यायाम कंटाळवाणा असतो. बाण फेकल्यासारखी तिरकी हालचाल आधी सुरू करतात, कारण तिच्यात या दोन हाडांवर ताण कमी येतो. पैलवान गड्याला असल्या बारीक हालचालींवर थांबवून ठेवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. वस्ताद दर भेटीला एकच विचारायचे, "जत्रेच्या मैदानाला धरू का?" मी धरू दिलं नाही.

सहा महिन्यांनी पकड डाव्या हाताच्या जवळपास आली. मनगट खाली वाकणं थोडं कमी झालंय, ते तसंच राहील असं मी आधीच सांगितलं होतं. जोर तो आता मुठींवर काढतो.

वस्ताद हल्ली तालमीतलं प्रत्येक लचकलेलं मनगट माझ्याकडे धाडतात. बहुतेकांचं पट्टी आणि विश्रांतीवर भागतं, दुर्बिणीपर्यंत जायची वेळ येत नाही. पण येताना दोन्ही मुठी आवळून काढलेला फोटो मात्र ते आता न सांगता घेऊन येतात.